शेवंताच्या वाट्याचा खेळ

माझी पोर मेलेला बैल ओढत होती. पाच वर्षांची पोर. बैल मातीचा, वीतभर लांब, एक पाय मोडलेला. त्याच्या मानेला सुतळी बांधलेली आणि सुतळीचं टोक माझ्या शेवंताच्या मुठीत. मान खाली घालून ती धर्मशाळेच्या फरशीवरून तो ओढत चालली होती. बाकीची वीस-बावीस पोरं गोल करून उभी होती. ती जवळ आली की मागं सरायची आणि एका सुरात ओरडायची, "दूर हो! दूर हो!"

बालवाडीची बाई टाळ्या वाजवून ताल धरत होती.

मी बाहेर लिंबाखाली बसले होते. उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. आणि मी काय केलं? मी हसले. पोरीला खेळात घेतलं म्हणून मला बरं वाटलं. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, म्हणून सांगायला तिथूनच सुरुवात केली.

आमचं गाव चाकणच्या वाटेवरचं. नाव सांगत नाही. आता तिथं कंपन्यांची गेटं आहेत, तेव्हा बाजरी आणि कांदा होता. आम्ही महार. त्याच्या आदल्या वर्षी महारवाड्यातल्या पुरुषांनी चावडीपुढं उभं राहून सांगितलं होतं, मेलेलं ढोर ओढणार नाही आणि मेलेल्याचं खाणार नाही. सगळ्यांच्या वतीनं बोलणारा माझा नवरा होता.

"आजपास्नं तुमचं ढोर तुमी वढा." एवढंच बोलला.

पाटील ओट्यावर बसला होता. तो चिडला नाही. म्हणाला, "बघू, किती दिस."

मग गावानं बघितलं. बलुतं बंद झालं. खुरपणीला, काढणीला बोलावणं बंद झालं. वाणी रोख पैसे दिले तरी मीठ देईना. पाटलाचा बैल मेला तो तीन दिवस ओढ्याकाठी फुगून पडला, शेवटी नाकाला फडकी बांधून त्यांच्याच गड्यांनी ओढला. त्याचा राग आणखी आमच्यावर. सुंभ जळला तरी पीळ जाईना. मीठ-मिरचीसाठी आम्ही बायका चाकणच्या बाजाराला चालत जायचो, आणि तिथंही आमच्या गावचं कुणी नाही ना, हे बघून मग दुकानापुढं उभ्या राहायचो.

नवरा पिंपरीला गेला. तिथं औषधाच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, तिथं विटा वाहायचा. रविवारी चालत घरी यायचा. पावसाळा लागला आणि तेही काम आठवड्यातून दोन दिवसांवर आलं. दुष्काळात तेरावा महिना. शेवंताचं पोट पुढं आलं, हातपायांच्या काटक्या झाल्या, केस तांबूस पडले. धाकटा दोन वर्षांचा, अजून अंगावर प्यायचा, पण माझ्या अंगावर होतंच काय? तो ओढायचा आणि रडायचा. मी वेशीबाहेरची तांदुळजा, घोळ, मिळेल ती भाजी उपटून आणायची आणि मीठ असेल तर मिठात उकडायची.

अशात गावात बालवाडी निघाली. पुण्याहून बाई आली. तरुण, खादीचं पातळ, पायात वहाणा. ती चिखल तुडवत थेट महारवाड्यात आली. पांढरपेशी बाई आमच्या दारात येते, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. ती म्हणाली, "आमच्याकडे सगळी मुलं सारखी. पाठवा मुलीला. खेळेल, शिकेल, जेवेल."

मला शेवटचाच शब्द ऐकू आला.

बालवाडी चावडीमागच्या धर्मशाळेत भरायची. सकाळी भुकटीचं दूध. दुपारी गुळाची लापशी. शनिवारी हरभऱ्याची उसळ. शेवंताला दाराशी वेगळं पोतं. तिची जर्मनची वाटी वेगळी, ती बाहेरच्या कोनाड्यात. लापशी वाढणारी म्हातारी गावातली होती, ती पळी हातभर वरून उपडी करायची. शिवू नये म्हणून. गरम लापशी पोरीच्या मनगटावर उडायची. पोर ओरडायची नाही, मनगट चाटून घ्यायची.

मी एकदा बाईला विचारलं. बाईनं इकडंतिकडं बघितलं, आवाज खाली आणला. "हळूहळू होईल, शेवंताची आई. गावाला दुखवून चालत नाही."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी गप्प बसले. पोरीच्या पोटात रोज काहीतरी पडत होतं. महिन्याभरात तिच्या गालावर तकाकी आली, ती पळायला लागली. त्या पळण्यापुढं मला बाकी काही दिसेना.

बाई खेळाला फार मानायची. पाटी नाही, पुस्तक नाही. ठोकळे, मणी, वाळू, गाणी. आयांना गोळा करून सांगायची, "मूल खेळातून जे शिकतं ते जन्मात विसरत नाही." बाकीच्या आया आत सतरंजीवर बसून ऐकायच्या. मी बाहेरून.

मग तिनं 'गाव' नावाचा खेळ काढला. ज्याच्या बापाचं जे काम ते त्यानं करून दाखवायचं. कुंभाराच्या पोरानं मडकं घडवायचं, न्हाव्याच्या पोरानं केस कापायचे, पाटलाच्या नातवानं ओट्यावर बसायचं. शेवंताच्या हातात काठी दिली, येसकराची. वेशीवर उभं राहायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला "जोहार मायबाप" म्हणायचं. बाईला ते 'जोहार' कुठून ठाऊक? पोरांनीच शिकवलं. पोरांना घरी ठाऊक होतं.

बेंदूर, बैलांचा सण, जवळ आला तेव्हा बाईनं मातीचे बैल करायचं ठरवलं. माती मी आणून दिली. ओढ्याची चिकण माती, डोक्यावर दोन खेपा. माती विटाळत नाही, हे मला तेव्हा कळलं. पोरांनी बैल केले, सुकवले, गेरूनं रंगवले. खेळताना एका बैलाचा पाय मोडला.

"मेला!" एक पोर ओरडलं.

मेला तर ओढणार कोण? साऱ्या माना शेवंताकडं वळल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. चार-पाच वर्षांची पोरं. बाई जरा थांबली. मग तिनं भुकटीच्या पुडक्याची सुतळी सोडून शेवंताच्या हातात दिली. तिच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणते. पोरीलाही काम मिळालं, असंच तिला वाटलं असेल.

शेवंतानं दारातून माझ्याकडं बघितलं. ओढू का, असं तिचे डोळे विचारत होते. आणि मी मान हलवली. ओढ.

पोरांना तो खेळ एवढा आवडला की रोजचाच झाला. चौथ्या दिवशी शेवंता मागं सरायला लागली. मी तिला लिंबामागं घेऊन सांगितलं, "वड की गं. खेळ हाय. तुजं काय जातंय? खेळली न्हाईस तर लापशी कोन दील?"

असं मला कुणी बजावलं नव्हतं. लापशी तोडू, असं कुणी म्हणालं नव्हतं. माझं मीच ताडलं. आमच्या हाडातच ते होतं. आधी वाकायचं, मग खायचं.

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. गावापुढं छाती काढून उभा राहिलेला माणूस, त्याला कोणत्या तोंडानं सांगू?

तीनेक आठवड्यांनी एका रविवारी तो आला. ओल्या अंगानं चुलीपुढं बसला. शेवंता खुशीत होती. बापाला शिकलेलं दाखवायची घाई. तिनं त्याच्याच पायताणाला दोरा बांधला. दोऱ्याचं टोक धाकट्याच्या मुठीत दिलं. त्याची मान हातानं खाली दाबली.

"आसं वाकायचं. वर बघायचं न्हाई. आता म्हन, जोहार मायबाप."

धाकट्याला नीट बोलता येत नव्हतं. तो म्हणाला, "ओहार."

शेवंता हसली. बापाकडं वळली. "बा, मला समद्यात ब्येस येतंय. बाई म्हनली."

नवरा हलला नाही. धाकटा पायताण ओढत त्याच्यापुढून गेला, परत आला. मला वाटलं, आता हा मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, "किती दिस झालं?"

"ईस-पंचईस."

"तुला ठावं हुतं?"

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. त्यानं पोराच्या मुठीतला दोरा सोडवला, सावकाश, एकेक बोट उघडून. पायताण पायात घातलं. पुढ्यातली भाकरी तशीच राहिली. जाताना एवढंच म्हणाला, "गावानं वर्सभर उपाशी मारलं, तरी गावाला जमलं न्हाई त्ये तुमी घरात आनलं." आणि पावसात परत पिंपरीच्या वाटेला लागला.

मी ती भाकरी पोरांना दिली. मला गिळली नसती. शेवंता घास चावत मला विचारत होती, "आये, बा का ग्येला? म्या चुकलं का?" काय सांगू? ती चुकली नव्हती. बाईचं बोलणं खरं होतं. पोर खेळातून शिकली होती आणि जन्मात विसरणार नव्हती. एवढंच नाही, तिनं धाकट्यालाही शिकवलं होतं. आम्ही चावडीपुढं जे टाकलं ते लापशीच्या वाटीतून माझ्या घरात परत आलं होतं. आणि आणणारी मी होते.

सोमवारी मी लिंबाखाली बसले नाही. सरळ धर्मशाळेची पायरी चढले. लापशी वाढणारी म्हातारी ओरडली, "अगं ए, कुठं शिरतीस?" मी थांबले नाही. पोरांचा गोल झाला होता. शेवंता सुतळी धरून उभी होती.

मी म्हटलं, "बाई, माजी पोर मेलेला बैल वढनार न्हाई."

बाई गोंधळली. मग हसली. "अहो, खेळ आहे तो. खेळात प्रत्येकाला काहीतरी व्हावंच लागतं."

"मंग पाटलाच्या नातवाला वढू द्या. माजी पोर वट्यावर बसंल."

बाईचं हसू गेलं. पण पाटलाचा नातू, ते गोरंगोमटं पोर, खुश झालं. त्याला कधीचा तो बैल ओढायचा होता. कुठल्याही पोराला आवडेलच की, दोरीनं काहीतरी ओढायला! ते ओट्यावरून टुणकन उतरलं, "मी वढतो, मी वढतो" करत आलं आणि त्यानं शेवंताच्या हातातली सुतळी धरली.

बाईनं त्याच्या हातावर फटका मारला.

"तू नको!"

सुतळी खाली पडली. पोर रडायला लागलं. बाईचा चेहरा पांढरा पडला होता. आपल्या हातून काय झालं ते तिला कळलं होतं. मलाही.

मी विचारलं, "खेळ हुता न्हवं, बाई?"

सुतळी उचलत ती पुटपुटली, "पाटलांना कळलं तर ही जागा जाईल. सगळ्या मुलांचं जेवण बंद होईल. तुम्ही समजून घ्या." मग अगदी जवळ येऊन, पण शिवणार नाही इतक्या जवळ, म्हणाली, "तिला जेवू तर द्या. लापशी झालीच आहे. मुलीला उपाशी नका नेऊ."

लापशीचा वास येत होता. गुळाचा. शेवंता त्या पातेल्याकडं बघत होती. आणि खरं सांगते, माझा पाय अडखळला. जेवू दे की, आजच्या दिवस, उद्यापासून नको पाठवू. मन असंच बोलतं. परवाही असंच बोललं होतं, त्याच्या आदल्या महिन्यातही. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात. इथं तर भिकेसाठी मीच पोरीला कुत्र्यापुढं उभी करत होते.

मी शेवंताचा हात धरला आणि बाहेर पडले.

ती वेशीपर्यंत मुकाट आली. वेशीबाहेर तिनं चिखलात बसकण मारली. "आये, भूक लागली. लापशी." घरात चिमूटभर पीठ नव्हतं. हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. ती माझ्या पायाला बिलगली आणि म्हणाली, "म्या वढते की. म्या रडनार न्हाई. मला वढू दे ना, आये."

मी तिला मारलं. पाच वर्षांच्या, भुकेल्या पोरीला. एक चापट, दोन चापटा. मग तिथंच चिखलात बसून तिला पोटाशी धरली. तिच्या अंगाला गुळाचा वास येत होता. तिला समजेल असं काही मला सांगता येईना. मी फक्त म्हणत राहिले, "न्हाई. न्हाई. न्हाई."

त्या दिवशी दोन्ही पोरांना पाण्यावर झोपवलं. दुसऱ्या दिवशी धाकटा कडेवर, शेवंता हाताशी, आणि पिंपरीच्या वाटेला लागले. तिथंही कुणी आमच्यासाठी ताट वाढून ठेवलं नव्हतं.

पोर दगावली असती तर, असं मला लोक विचारतात. आमचेच लोक विचारतात. शिकलेले, पोटभर जेवलेले. दगावली असती. तेव्हा तशी पोरं रोज दगावत होती, आणि त्या भीतीवरच गाव आम्हाला वाकवत होतं. आईनं असं बोलू नये म्हणतात. मी बोलते. त्या दिवशी मी माझ्या पोरीला शिजलेल्या अन्नापुढून उपाशी उठवलं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा उठवीन.