इस्त्रीवाले मामा आणि उलटी कोरफड

आमच्या पाटोद्याच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या मामांना काहीही सांगा, औषध एकच! पोट बिघडलं, केस गळाले, खोकला झाला, की "कोरफड घे बे." कोळशाच्या इस्त्रीनं स्वतःची बोटं रोज भाजायची, म्हणून टेबलाशेजारी तेलाच्या डब्यात कोरफड लावलेली. पान कापलं की आधी उभं धरायचे. "थांब की! पिवळं पाणी गळू दे, न्हाईतर खाजवत बसशील."

तर झालं काय, ताईला बघायला पाहुणे येणार होते, आणि आदल्या दिवशीच तिनं टीव्हीवर बघून गोरं व्हायची क्रीम लावली. तोंड लालभडक, नुसती आग! मी पळत मामांकडे गेलो, तर डब्यात खुंटच उरलेला. सगळी पानं गल्लीत वाटून संपलेली.

मामांनी वर बघितलं. नजर लागू नये म्हणून दुकानाच्या दारावर कोरफड उलटी टांगलेली होती. त्यांनी सरळ तिचाच दोरा कापला.

मामी आतून ओरडल्या, "अवो, दुकानाला नजर लागंल!"

"लागू दे. दुकानाला कुठं उद्या पाहुणे बघायला येणार हायेत?"

तिचा गर लावल्यावर रात्रीतून ताईचं तोंड निवलं. गालावर जराशी लाली तेवढी राहिली. दुसऱ्या दिवशी मुलाची आई ती लाली बघून म्हणाली, "पोरगी लई लाजाळू हाय. पसंत हाय आमाला."

मी धावत जाऊन मामांना सांगितलं. ते हसलेसुद्धा नाहीत. मान वाकवून कॉलरवर इस्त्री फिरवत हळूच म्हणाले, "हे आत जाऊन मामीला सांग. कालपासून बोलंना ती माझ्याशी."