सुरुंगाच्या अर्जावरच्या सह्या

चौक गावापासून थोडं आत आमची वस्ती. मागच्या डोंगरावर दगडखाण, आणि खाणीच्या पायथ्याशी शाळा. भरदुपारी सुरुंग उडायचा. एकदा नारळाएवढा दगड अंगणवाडीचा पत्रा फोडून आत पडला. पोरं नुकतीच जेवून घरी गेली होती, म्हणून वाचली.

निवडणूक तोंडावर होती. बुद्धविहारात आमच्या महिला मंडळाची बैठक बसली. ठरलं की सगळ्या उमेदवारांना एकच अर्ज द्यायचा: शाळा भरलेली असताना सुरुंग नको, आणि उडवण्याआधी भोंगा हवा. हे ज्याच्या जाहीरनाम्यात छापून येईल, त्याचाच विचार करू. मी शिवणकाम करते, पण माझं अक्षर बरं. अर्ज मी लिहिला आणि पहिली सहीही माझीच झाली.

अर्ज द्यायच्या आधीच बातमी फुटली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मशीनवर बसले होते. मोटारसायकलवरून दोघे आले. एक जण उंबऱ्याशी उभा राहून हसत म्हणाला, "ताई, पहिली सही तुमची ना? मुलगी खोपोलीला कॉलेजला जाते म्हणे. एकटीच जाते का?"

एवढंच बोलून ते गेले. माझा पाय मशीनच्या पायडलवर तसाच चालत होता. शिलाई कापडाबाहेर गेली तेही कळलं नाही.

नवऱ्याला सांगितलं नाही. तो भडकून थेट खाणीवर गेला असता. मुलीला तर नाहीच. दुसऱ्या दिवशी मला बरं नाही म्हणून तिला घरी ठेवलं आणि मंडळाच्या अध्यक्ष मावशींकडे गेले.

"मावशी, माझं नाव खोडा."

त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून त्यांचा हात थांबला. "खोडते गं. पन मग पयली सई माजी येनार. माजी नातसून पोटुशी हाय, दिवसभर एकटीच असते घरात."

त्यांचा आवाज कापत होता. या बाईला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझा उरलासुरला धीरही गेला.

त्यांनी ताटलीतले तांदूळ सुपात ओतले. मग त्यांनी कोऱ्या कागदावर ताटली उपडी ठेवली. "हिच्या कडेनं सया करू. पयली कोन, शेवटची कोन, कुनालाच नाय कळायचं."

मी अर्ज पुन्हा लिहिला. बायांनी कागद फिरवत खाली गोल सह्या केल्या.

खालापुरात एका उमेदवाराच्या कार्यालयात गेलो, तर खुर्च्या मांडायला तोच मोटारसायकलवाला. उमेदवाराने कागद इकडून तिकडून फिरवून पाहिला. "लिहिला कुणी?"

मी मावशींच्या मागे सरकले.

"आमी समद्यांनी," मावशी म्हणाल्या. आणखी दोघी तेच म्हणाल्या. मीही म्हटलं, पण आवाज फुटला की नाही, आजही सांगता येत नाही.

"दुसऱ्या पक्षालाबी हाच कागद देनार हाय," मावशींनी सांगितलं. तेव्हा कुठे त्याने घडी करून तो खिशात ठेवला.

पुढे दोन्ही पक्षांचे जाहीरनामे घरोघर आले. दोन्हींत भोंगा होता, शाळेची वेळ होती. विहारात बाया टाळ्या वाजवत होत्या. मी मात्र आमच्या मंडळाचं नाव कुठे छापलंय का, ते शोधत होते. नव्हतं. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला आणि मी भिंतीला टेकून खाली बसले.

निवडून आलेल्याने शब्द पाळला. भोंगा बसला, सुरुंग शाळा सुटल्यावर उडू लागला. तरी परीक्षा संपेपर्यंत मी रोज मुलीबरोबर खोपोलीला जात राहिले. कापड आणायचंय, दोरा आणायचाय, असं काहीबाही सांगून.