सबनीसकाका आणि पॉइंट चार डेलिगेट

मिनेसोटात ड्राइव्हवेच्या कडेला बर्फ साठतो तसे आमच्या शनिवारच्या कंपूचे किस्से साठत जातात. एक बाजूला सारतोय तोवर त्यावर दुसरा येऊन पडतो, आणि मार्च उजाडेपर्यंत तळाशी काय होतं ते कुणाला आठवत नाही. म्हणून निवडणुकीच्या वर्षातले चार-पाच तरी वितळायच्या आत सांगून टाकतो.

कंपू म्हणजे ईडन प्रेरीत सबनीसकाकांच्या बेसमेंटमध्ये शनिवारी सकाळी पोहे खायला जमणारी आम्ही मंडळी. काका मूळचे पुण्याचे, इथे पंपांच्या कंपनीत नोकरी करून रिटायर झालेले. सुलभाकाकू त्यांच्या सौभाग्यवती, आणि त्यांचे पोहे हे आमच्या जमण्याचं खरं कारण. देशमुख हा आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. मी नितीन, नागपूरचा, व्हिसावर कोडिंग करणारा, आणि केतकी माझी बायको.

काकांनी अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायला फार वर्षं लावली. "देश बदलायचा म्हणजे काय मोजे बदलायचेत?" म्हणायचे. शेवटी त्यांनी आणि काकूंनी बरोबरच घेतलं, आणि शपथ घेऊन आल्यावर पहिल्याच शनिवारी त्यांनी जाहीर केलं, "मी आता पक्षाच्या राष्ट्रीय कन्व्हेन्शनला जाणार. डेलिगेट म्हणून."

टीव्हीवर कन्व्हेन्शनच्या शेवटी वरून फुगे पडतात ना, त्या फुग्यांखाली त्यांना एकदा उभं राहायचं होतं. इतकी वर्षं या देशात पाहुण्यासारखं राहिलो, एकदा तरी घरच्यासारखं मधोमध उभं राहू दे, असं म्हणताना त्यांचा आवाज जरा हलला. बाकी आयुष्यात करण्यासारखं काही उरलेलं नाही, असंही ते पुढे म्हणाले.

"वरच्या बाथरूमचा नळ उरलाय," काकू म्हणाल्या.

*

डेलिगेट व्हायचं तर आधी नियम समजायला हवेत. काकांनी ते महिनाभर वाचले आणि आम्हाला पोह्यांबरोबर वाढले. प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत, आपण मत देतो उमेदवाराच्या नावाला, पण त्यातून निघतात डेलिगेट. ते पुढे कन्व्हेन्शनला जाऊन पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवतात. ज्याला पंधरा टक्के मतं मिळत नाहीत त्याला एकही डेलिगेट मिळत नाही, आणि उरलेले सगळं आपसात वाटून घेतात.

देशमुखला हे इतकं आवडलं की त्याने मंडळाच्या पिकनिकचा मेनू याच पद्धतीने ठरवला. मिसळ, पावभाजी, पिठलं-भाकरी आणि साबुदाण्याची खिचडी असे चार उमेदवार होते. ईमेलवर मतदान झालं. खिचडी पंधरा टक्क्यांच्या जरा खाली अडकली आणि तिच्या वाट्याची पातेली मिसळीला आणि पावभाजीला गेली.

पिकनिकच्या दिवशी लक्षात आलं, आज एकादशी. ज्यांनी खिचडीला मत दिलं होतं ते सगळे उपासाचे होते आणि झाडाखाली केळी खात बसले होते. देशमुख त्यांना समजावायला गेला की प्रक्रिया अगदी पारदर्शक होती.

काकू केळ्याचं साल त्याच्या हातात देत म्हणाल्या, "भुकेला पंधरा टक्के लागत नाहीत रे."

*

शेजारचा डेल दुसऱ्या पक्षाचा. बर्फ उडवायचा स्नोब्लोअर बंद करून तो काकांना सांगत होता की त्यांच्याकडे काही राज्यांत ही वाटणीची भानगडच नाही. जो पहिला येतो तो सगळे डेलिगेट घेऊन जातो. दुसऱ्याला अगदी थोडी मतं कमी पडली तरी तो हात हलवत घरी.

काकांनी हे आत येऊन सांगितलं. देशमुखचे डोळे चमकले. पुढच्या महिन्यात मंडळाची निवडणूक होती, आणि त्याने ठराव मांडला की अध्यक्षपदाचा विजेता कार्यकारिणीच्या सगळ्या जागा भरेल. ठराव पास झाला. देशमुख निवडून आला.

आता गणपतीच्या वेळी हॉलचं बुकिंग, डेकोरेशन, स्टेज, साऊंड आणि पार्किंग या पाचही कमिट्यांचा प्रमुख देशमुखच होता. खुर्च्या लावायला कुणी येईना. त्याने केतकीला फोन केला.

"यार देशमुख, जिंकलास ना सगळं?" केतकी म्हणाली. "मग उचल ना सगळं."

*

एक्सेल माझ्याकडे होतं. काकांनी जुने निकाल आणून द्यायचे आणि मी फॉर्म्युले घालून कुठल्या उमेदवाराला किती डेलिगेट ते काढायचं. एका जिल्ह्यात उत्तर आलं दोन पॉइंट चार.

"पॉइंट चार माणूस कसा पाठवणार?" केतकीने विचारलं.

"देशमुखला पाठवू," काकू आतून म्हणाल्या.

अपूर्णांक कुणाचा मोठा ते बघून उरलेली जागा त्याला द्यायची, असा नियम निघाला. मी दुरुस्ती केली आणि प्रायमरीच्या रात्री माझा आकडा टीव्हीवाल्यांच्या आधी बरोबर आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी मुलगी ईरा लॅपटॉपमध्ये डोकावून म्हणाली, "बाबा, व्हिच वन इज युअर व्होट?"

माझं त्यात काहीच नव्हतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत माझा नंबर कधी लागेल ते माझ्या एक्सेललाही सांगता येत नाही.

काकांनी तिला जवळ बसवलं आणि म्हणाले, "तुझा बाबा मोजतो, म्हणून आमचं मत मोजलं जातं." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तू मला तिथवर पोचवलंस तर तुझं मतही घेऊन जाईन मी त्या फुग्यांखाली." तेव्हापासून काका डेलिगेट व्हावेत असं मला त्यांच्याइतकंच वाटायला लागलं.

*

त्याच प्रायमरीतली गोष्ट. आमच्या बॅलटवर उमेदवारांच्या नावांखाली शेवटी आणखी एक पर्याय असतो, 'अनकमिटेड'. म्हणजे मी मतदानाला आलोय, पण यातलं कुणीच मला पटलेलं नाही. त्यालाही पुरेशी मतं पडली तर डेलिगेट मिळतात.

घरी येताना काकांनी सहज विचारलं, मत कुणाला दिलंस. काकू म्हणाल्या, "मी शेवटच्यावर खूण केली."

काका हादरले. सहा महिने ज्या उमेदवाराचे गुण त्यांनी घरात गायले होते, त्याला घरातलंच मत नाही. गाडी काकूच चालवत होत्या, कारण मोतीबिंदूनंतर काकांनी ड्रायव्हिंग सोडलंय, त्यामुळे त्यांना फारसं बोलताही येईना. तरी त्यांनी विचारलंच, "अगं, असं कसं केलंस?"

"आमच्या वेळी बघायच्या कार्यक्रमात हा पर्याय नव्हता," काकू म्हणाल्या. "आता मिळालाय तर वापरून बघितला."

*

प्रायमरीने फक्त एवढं ठरतं की कुणाला किती डेलिगेट. ते डेलिगेट म्हणून नेमकी कुठली माणसं जाणार, हे वेगळ्याच शिडीने ठरतं. पहिली पायरी गल्लीतली सभा. ती फेब्रुवारीत होती, बाहेर कडाक्याची थंडी, आणि आमच्या भागातून दोनच माणसं हजर राहिली, काका आणि त्यांना सोडायला आलेल्या काकू. दोघंही बिनविरोध जिल्ह्याच्या कन्व्हेन्शनला निवडून आली.

जिल्ह्याचं कन्व्हेन्शन शाळेच्या जिममध्ये होतं. तिथे मतपेटी वगैरे काही नसते. ज्याला गट करायचाय तो आपल्या गटाचं नाव मोठ्याने ओरडतो आणि एका कोपऱ्यात उभा राहतो. ज्यांना पटेल ते चालत त्याच्याकडे जातात. मग डोकी मोजतात. गट छोटा पडला तर मोडतो, मोठा असेल तर डोक्यांच्या प्रमाणात त्याला राज्याच्या कन्व्हेन्शनसाठी डेलिगेट मिळतात.

काका बास्केटबॉलच्या रिंगखाली उभे राहिले आणि आपल्या उमेदवाराच्या नावाला 'इमिग्रंट' आणि 'रिटायर्ड' जोडून ओरडले. थोडी माणसं आली. मी प्रेक्षकांच्या बाकावरून बोटांनी खूण केली, एक डोकं कमी आहे.

काकू पलीकडे खुर्चीवर बसून चकल्यांचा डबा उघडत होत्या. काका धावत गेले. "सुलभा, ये ना गं. नाहीतर मोडतंय सगळं."

"मी अनकमिटेड आहे," काकू म्हणाल्या.

"नळ आजच बघतो."

काकू उठल्या. त्यांच्यामागे चकलीच्या वासाने आणखी चार-पाच जण आले, आणि काकांच्या गटाला एक डेलिगेट मिळाला. सोबत एक पर्यायी, म्हणजे डेलिगेट हजर नसेल तर त्याच्या जागी बसणारा. नियम असा की दोघांत एक पुरुष आणि एक बाई हवी. मुख्य कोण ते गटाने ठरवायचं. गटाने चकली खातखात हात वर केले.

सुलभा सबनीस, डेलिगेट. शरद सबनीस, पर्यायी.

"मॅम, कॅन वी गेट द रेसिपी?" गटातल्या एका बाईने विचारलं. काकांनी घरी जाऊन नळ दुरुस्त केला.

*

आणि आता राज्याचं कन्व्हेन्शन. मोठा हॉल, डेलिगेटांच्या खुर्च्या पुढे, आणि पर्यायी लोक दोरीच्या पलीकडे. काकू पुढे, काका दोरीमागे, मी त्यांच्या शेजारी पाहुण्यांचा स्टिकर लावून.

आमच्या उमेदवाराच्या वाट्याच्या बाकीच्या जागा भरून झाल्या होत्या. राष्ट्रीय कन्व्हेन्शनची एकच जागा उरली होती. तिच्यासाठी कुणालाही उभं राहता येत होतं, आणि काका उभे राहिले. प्रत्येकाला एक मिनिट बोलायला मिळणार होतं. आम्ही त्यांच्याकडून घरी पाठ करून घेतलं होतं, शपथेचा दिवस, पाहुणा, घर आणि फुगे.

माइक हातात आल्यावर काकांनी सुरुवात केली की ही जागा गणिताने कशी आली ते आधी समजून घ्या. पॉइंट चारपर्यंत आले तेव्हा घंटा वाजली. त्यांचं नाव सांगायचं राहून गेलं.

त्यांच्यानंतर उत्तरेकडचा एक गाईवाला उभा राहिला. म्हणाला, दोन्ही वेळचं दूध काढून आलोय, तुमचं म्हणणं तिकडे जसंच्या तसं पोचवेन, थँक यू. आणि बसला.

मतपत्रिका वाटायच्या जरा आधी काकू उठून दोरीपाशी आल्या. पाय सुजले होते त्यांचे. गळ्यातला डेलिगेटचा बॅज काढून त्यांनी काकांच्या गळ्यात घातला, टेबलावर जाऊन तशी नोंद केली, आणि काकांच्या कानात काहीतरी सांगून निघून गेल्या. काका दोरी ओलांडून आत गेले. त्यांना त्या खुर्चीत बसलेलं बघून मला इतका आनंद झाला की मी फोटोच काढत सुटलो.

निकाल वाचला गेला. गाईवाला जिंकला. बाकीच्या नावांपुढची मतं वाचली गेली आणि शेवटी आलं, "शरद सबनीस, झीरो."

काका बाहेर आले. फुगे गेले, माझंही जे काय त्यांच्याबरोबर जाणार होतं ते गेलं, आणि मला खरंच राग आला. "काका, झीरो कसं? कुणी नाही तर नाही, तुमचं स्वतःचं तरी होतं ना!"

"त्या गाईवाल्याला दिलं."

"का पण?"

काकांनी बॅजची दोरी नीट गुंडाळून तो खिशात ठेवला आणि कोटाची बटणं लावली.

"अरे, डेलिगेटने मतदारांचं ऐकायचं असतं," ते म्हणाले. "माझ्या मतदारसंघात एकच मतदार आहे, आणि ती पार्किंगमध्ये गाडी सुरू करून बसली आहे."