धाकट्याच्या गाडीतला बोल्ट

माझं वेल्डिंगचं दुकान आणि थोरल्याचं गॅरेज यांच्यामध्ये एकच पत्रा आहे. त्यामुळे त्याचा खोकला, त्याच्या शिव्या आणि त्याचं गप्प बसणं, तिन्ही मला ऐकू येतात. हल्ली शिव्या कमी झाल्यात. त्या द्यायलाही समोर कुणीतरी आपलं लागतं.

थोरला हे काही त्याचं नाव नव्हे. दोघे भाऊ होते, म्हणून गल्लीनं एकाला थोरला केलं, दुसऱ्याला धाकटा. आता धाकटा नाही, तरी याला सगळे थोरलाच म्हणतात. कुणापेक्षा थोरला, असं एखादं नवं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा तो उगाच पाना शोधायला लागतो.

पूर्वी दोघं एकाच गाडीला दोन बाजूंनी भिडायचे. थोरल्याचं स्टूल डावीकडे, धाकट्याचं उजवीकडे, मध्ये इंजिन. बडबड अखंड चालू असायची, म्हणजे थोरल्याची. धाकटा कुठलाही बोल्ट बसवण्याआधी त्याच्या आट्यांना, म्हणजे पेचाच्या खाचांना, करंगळीनं ग्रीस चोळायचा आणि थोरला त्याची टर उडवायचा. माणसांना लोणी लावलं तर काही पदरात पडतं, बोल्टांना लावून काय मिळणार, असं त्याचं म्हणणं. स्वतः मात्र कोरडाच बोल्ट घालायचा आणि वर हिसका देऊन आवळायचा. पुढे कधी तीच गाडी परत आली आणि एखादा बोल्ट जाम निघाला, की खापर धाकट्यावर. जोर लावून बोल्ट आवळतो म्हणून थोरल्यानं धाकट्याचं नावच पैलवान ठेवलं होतं. पैलवान कसला, अंगातला शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा लोंबायचा त्याचा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय! हे मला तेव्हाही दिसत होतं, पण भावाभावांत तिसऱ्यानं कशाला पडावं.

एकदा गिऱ्हाइकासमोर बोल्ट तुटला आणि इंजिनातले आटेही गेले. हे आमच्या पैलवानाचं काम, असं थोरला चारचौघांत म्हणाला. धाकट्यानं साबणानं हात धुतले, ग्रीसचा डबा उचलला आणि निघून गेला. पुलापलीकडे त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं. येईल चार दिवसांत शेपूट घालून, असं थोरला म्हणाला. तो आला नाही आणि हाही गेला नाही. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशातली ही जात. मग मागच्या वर्षी धाकटा साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. थोरला पोचवायला गेला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि परत येऊन दुकान उघडून बसला.

लग्न त्यानं केलेलं नाही. घरी कुणी वाट बघणारं नाही. धाकट्याचं स्टूल अजून उजवीकडेच असतं. उजवीकडचं काम निघालं की थोरला स्वतःचं स्टूल उचलून तिकडे नेतो, धाकट्याच्या स्टुलावर बसत नाही. आणि एखादा बोल्ट जाम निघाला की हा त्याच्याशी बोलतो. "काय रे पैलवाना, सोडत नाहीस ना?" पत्र्यापलीकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. नंतर उमगलं की हा असल्या बोल्टांची वाट बघतो. ज्या दिवशी सगळं सरळ सुटतं त्या दिवशी तो लवकर दुकान बंद करतो.

अशात एका सकाळी धाकट्याची बायको त्याची मोटरसायकल ढकलत घेऊन आली. ती शिवणाच्या कारखान्यात जाते. नवरा गेल्यावर या वयात गाडी शिकली. इंजिनातून तेल गळतंय, एवढंच तिनं सांगितलं. ही गाडी दोघा भावांनी इथंच, याच फरशीवर उघडून बांधली होती. पुढे धाकट्यानं स्वतःच्या गाडीला कधी हात लावला नाही, मेकॅनिकची गाडी नेहमी शेवटी.

थोरल्यानं उजवं कव्हर उघडलं. बोल्ट निमूट सुटत गेले. मग डावीकडे आला आणि दुसऱ्याच बोल्टाला कट् असा आवाज झाला. डोकं पान्यात, दांडा इंजिनात. धाकट्याची बायको समोरच उभी होती.

"पैलवानाचा हात," थोरला सवयीनं म्हणाला. "दुसरं कुणाचं काम नाही हे."

ती संध्याकाळी येते म्हणाली आणि चालत गेली. पत्र्याअलीकडे मलाच लाज वाटली.

आता अडचण अशी होती की ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला. दांडा काढताना आटे फाटले तर इंजिनाचं ते अंग गेलं आणि त्याच्यामागे गाडी भंगारात. भावाची म्हणून एकच वस्तू या दुकानात परत आली होती. थोरल्यानं मला हाक मारली तेव्हा त्याचा आवाज मला ओळखू येईना.

त्यानं दुपारपर्यंत दांड्याला तेल पाजलं होतं, पंचनं हळूहळू ठोकलं होतं. दांडा नखभर वर राहिला होता. मी बॅटरीच्या वायरी सोडायला लावल्या, दांड्यावर एक नट ठेवला आणि आतून वेल्ड भरून दोघांना एकजीव केलं. मग भोवतीचं अॅल्युमिनियम गॅसनं तापवलं. थोरल्यानं पाना लावला. केसभर पुढे, केसभर मागे, पुन्हा तेल. नेहमी हिसका देणारा माणूस, त्या दिवशी श्वासही जपून घेत होता. बऱ्याच वेळानं कर्रर्र असा बारीक आवाज आला आणि दांडा फिरू लागला. आटे शाबूत राहिले.

मी हुश्श केलं. थोरला मात्र दांडा उजेडात धरून बसला. आटे कोरडे ठणठणीत, त्यांच्यावर गंजाची पांढरी भुकटी. मग तो उठून उजवीकडे गेला, सुटलेले बोल्ट एकेक करून बघितले. प्रत्येकाच्या आट्यांत काळं पडलेलं जुनं ग्रीस होतं. आणि तो खाली बसला, धाकट्याच्या स्टुलावर.

"हा माझा आहे," तो म्हणाला. "जाम झालेले सगळे माझेच होते."

मी वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढून घेतली, वेल्डिंग संपलेलं असताना.

थोड्या वेळानं त्यानं माझ्याकडे ग्रीस मागितलं. त्याच्या दुकानात नव्हतंच. नव्या बोल्टांना त्यानं करंगळीनं ते चोळलं आणि हिसका न देता आवळले.

संध्याकाळी ती आली. गाडी एका किकमध्ये सुरू झाली. थोरल्यानं ती बंद केली, कारण त्याला बोलायचं होतं.

"तो बोल्ट त्याचा नव्हता. माझा होता."

"त्यांना माहीत होतं, दादा," ती म्हणाली. "तुमच्या हातच्या गाड्या यायच्या ना त्यांच्याकडे, बोल्ट जाम झालेल्या. दिवस दिवस बसायचे काढत. घरी येऊन म्हणायचे, आज दादा भेटला."

ती गाडीवर बसून गेली. पुलाकडच्या वळणापर्यंत इंजिनाचा आवाज येत होता. थोरला रस्त्याकडे बघत उभा राहिला.

"मला एकदाही नाही भेटला रे," तो मला म्हणाला. "त्याचे बोल्ट कधी अडलेच नाहीत. माझ्या हातून सरळ सुटून गेला."