नागपूरला गेलेलं रक्त

आई गेल्यावर बाबा घरात बोलायचे ते कुत्र्याशीच. पांढुर्ण्याच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, माणसांशी कामापुरतं. कुत्रा गावठी, काळा, उंच. आईनंच पिल्लू असताना उचलून आणलेला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. उन्हाळ्यापासून तो जाड होत गेला. भाकरी अर्धी टाकायचा, तरी जाडच. शेपटीचे केस गेले, मग दोन्ही कुशींचे. खाली कातडी काळी, राठ पडली. खाजवत मात्र नव्हता. ऐन मे महिन्यात बाकीची कुत्री नालीत लोळायची, हा चुलीला टेकून झोपायचा. गल्लीतले म्हणाले, खरूज आहे, जंगलात सोडून द्या. आम्ही गंधक तेलात कालवून लावलं. काही फरक नाही.

पावसाळा सरल्यावर कळलं, सौंसरच्या जनावरांच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर आले आहेत. संत्र्यांची रिकामी खोकी नेणाऱ्या मेटाडोरमध्ये घालून त्याला नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"गुरुजी, ही खरूज नाही. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, ती मंदावली असावी. ठोके बी सुस्त आहेत."

"मंग औषध द्या न जी."

"आधी रक्तात तिचा हार्मोन मोजून पाहू. पण ती तपासणी नागपूरलाच होते. अन् तीही माणसांच्याच रक्ताची."

कुत्र्यानं पायातून रक्त काढू दिलं, मानही वळवली नाही. रक्त गोठल्यावर वरचं पिवळं पाणी डॉक्टरांनी कुपीत भरलं. बर्फाच्या थर्मासमध्ये ती घेऊन मी गाडीनं नागपूर गाठलं. पहिल्या लॅबमधला माणूस हसला. "बाई, इथं माणसं लाइनीत उभी आहेत, अन् तुम्ही कुत्र्याचं आणून राहिल्या?" दुसरीकडे डॉक्टरांच्या ओळखीनं ठेवून घेतलं. पुरेसे नमुने जमले की एकदमच तपासायचे, म्हणून निकालाला कित्येक आठवडे लागले.

हार्मोन कमी निघाला. बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे सापडलं!"

डॉक्टरांनी मात्र कागद पुन्हा वरून खाली वाचला. मग म्हणाले, "गुरुजी, हे आकडे माणसांच्या मापाचे. कुत्र्यात तो मुळातच कमी असते. अन् दुसरा कोणता आजार असला तरी खाली येते. एक इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त पाहिलं असतं, तर ग्रंथीच बिघडली का ते कळलं असतं. ते इंजेक्शन नागपुरातही भेटत नाही."

तरी त्यांनी थायरॉइडच्या माणसांच्याच गोळ्या लिहून दिल्या. गुण आला तर तेच निदान, म्हणाले. गुण यायला वेळ लागणार होता. तोवर थंडी पडली होती. बाबा दुधात गोळी कुस्करून द्यायचे. तो वास घ्यायचा, मग बाबांकडे बघत कसंबसं चाटायचा. पुढं उठेनासा झाला. एका सकाळी बाबांनी त्याला पांघरलेल्या पोत्याखाली हात घातला तर अंग गार होतं.

बाबांना डॉक्टरांना भेटायचंच होतं. मी सोबत गेले.

"त्याले होतं काय नेमकं?"

"गुरुजी, आता नाही सांगता येत."

"थायरॉइडच होतं न?"

"असंल. नसंलही."

सौंसरच्या स्टँडवर पांढुर्ण्याची बस लागली. "चाला बाबा," मी म्हटलं. ते हलले नाहीत. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. बस गेली. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.