फिका लाल दोरा

पहाटे चारला आमच्या बॉयलरवाल्या मामांचा दिवस सुरू व्हायचा. आम्ही धुलाईखान्यात यायच्या आत वाफ तयार हवी, आणि बॉयलर काही सांगितल्याबरोबर तापत नाही. मामा आधी पाण्याची पातळी दाखवणारी काच बघायचे, मग राख ओढायचे, मग आग लावायचे. वाफेसाठी आम्ही खोळंबलो असं एकदाही झालं नाही. मी इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर होतो. वाफ कमी पडली असती तर आधी मलाच कळलं असतं.

त्यांची बायको, आमच्या मामी, तिथेच खिडकीजवळच्या टेबलाशी बसायच्या. आमच्याकडे इस्पितळाच्या चादरी यायच्या. फाटलेलं शिवायचं आणि कोपऱ्यात लाल दोऱ्याने वॉर्डाची खूण घालायची, हे त्यांचं काम. त्यांच्या टाक्याची उलटी बाजू कुठली ते शोधावं लागे.

एकदा मामी म्हणाल्या, "हा दोरा फिका आलाय."

मामांनी रीळ खिशात टाकलं आणि कोठारवाल्याला जाऊन झापलं. दुसरं रीळ आलं, तेही फिकं. मग तिसरं. "सगळा मालच भिकार," मामा म्हणाले. त्या दिवसांत मामींचा उजवा डोळा फिरवला की दुखायचा. सुई ओवायला त्या शेजारच्या बाईकडे द्यायच्या.

"वय झालं तुमचं," ती म्हणाली.

"माझ्याआधी तुझं झालंय. तू सांगत नाहीस एवढंच."

काही आठवड्यांत दुखणं थांबलं, सुई पुन्हा त्याच ओवू लागल्या. रीळ बदललं आणि काम मार्गी लागलं, असं मामा सांगत सुटले. आम्ही माना डोलावल्या. मला तो दोरा पहिल्यापासून लालच दिसत होता, पण मामांशी वाद कोण घालणार.

पुढच्या वर्षी मामींच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. मग पाय जड झाले. कमरेभोवती कुणीतरी पट्टा आवळलाय असं त्या म्हणायच्या. आमच्यात यावर एकच इलाज होता. कपडे सुकवायच्या खोलीत वाफेच्या नळाला लागून एक बाकडं होतं. कुणाची पाठ धरली, मान आखडली की तो कामाआधी तिथे बसायचा आणि मोकळा होऊन उठायचा. मीही बसलोय. वाफेने अंग सुटतं यावर आमचा सगळ्यांचा विश्वास होता, मामांचा सर्वांत जास्त, कारण वाफ त्यांची.

ते मामींना पहाटे हाताला धरून आणायचे आणि बाकड्यावर बसवायचे. मामी बाहेर यायच्या त्या लटपटत. डोळ्यांपुढे धुकं आलंय म्हणायच्या. जरा वारं लागलं की थोडं बरं वाटायचं.

"दुखणं बाहेर पडतंय," मामा म्हणायचे. "बाहेर पडताना त्रास देणारच ते." दुसऱ्या दिवशी ते व्हॉल्व्ह आणखी उघडायचे.

"अहो, आज नको," एकदा मामी म्हणाल्या.

"आज सोडलं तर केलेली मेहनत वाया. बस थोडा वेळ."

मामी बसल्या. आपल्यासाठी माणूस एवढं करतोय, त्याला नाही कसं म्हणायचं.

एका सकाळी त्यांना बाकड्यावरून उठताच येईना. पाय कापसाचे झाले होते, लघवीही अडली होती. मी आणि मामांनी त्यांना चादरींच्या ट्रॉलीत निजवलं आणि चादरी पोचवायच्या गाडीतून इस्पितळात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई नव्हती. पायांना टाचणी लावून झाली, गुडघ्यांवर हातोडी मारून झाली. मग त्यांनी विचारलं, "याआधी कधी नजरेचा त्रास?"

"नाही," मामा म्हणाले.

"दोरा फिका दिसायचा," मामी उशीवरून म्हणाल्या.

"तो दोरा खराब होता. मी बदलून आणला ना."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. खिशातल्या पेनाचं लाल टोपण काढून मामींपुढे धरलं. आधी एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा.

"डाव्याने लाल," मामी म्हणाल्या. "उजव्याने धुऊन धुऊन विटलेलं."

मामा ट्रॉलीच्या दांड्याला धरून उभे होते. तीन रिळं बदलली, पण एकदाही एक डोळा झाकून बघ म्हणालो नाही, एवढंच ते मला नंतर बोलले.

तपासण्या झाल्या, आजाराला नाव मिळालं. दुर्मीळ आजार. शरीराची राखण करणारी यंत्रणाच डोळ्याच्या नसेवर आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर उलटते. तिथे सूज येते, नसांचं अस्तर जातं, निरोप पुढे पोचत नाही. मामांनी वाफेचं सगळं सांगून टाकलं. व्हॉल्व्ह किती उघडला तेसुद्धा.

"वाफेने आजार झाला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशा नसा तापल्या की निरोप आणखी अडतो, गार झाल्या की थोडा सुटतो. नुकसान झालं ते उशीर केल्यामुळे."

"डोळ्याच्या वेळी आणलं असतं तर?"

"औषध तेव्हाच सुरू झालं असतं. हा झटका कदाचित टळला असता."

मामा 'कदाचित' ऐकायला तयार नव्हते.

सलाइनमधून स्टेरॉइड दिलं, पाय हलले नाहीत. मग यंत्र लावलं. रक्त बाहेर काढायचं, त्यातलं पिवळसर पाणी टाकून द्यायचं, त्याजागी दुसरं घालून रक्त परत सोडायचं. दिवसाआड असं चाललं. मामी म्हणाल्या, "एवढ्या चादरी धुतल्या, आता मलाच धुवायला काढलंय." मी हसलो. मामा हसले नाहीत. काही दिवसांनी मामींचा अंगठा हलला, तेव्हा तो पुन्हा हलेपर्यंत मामा पापणी न लववता बघत राहिले.

त्याच आठवड्यात बाकडं भट्टीत गेलं. लोक कुरकुरले, "आमच्या पाठींनी काय केलं?"

मामी काठी घेऊन चालू लागल्या. पुन्हा झटका येऊ नये म्हणून औषध कायमचं लागलं. उजव्या डोळ्याचा लाल रंग परतला नाही. आणि उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली तापली की पाय लटपटायचे, धुकं यायचं. मामा पंख्यापुढे ओलं कापड धरून वारा गार करत राहायचे. दिवसभर बॉयलर तापवून आलेला माणूस.

ते निवृत्त झाल्यावर मी एकदा गेलो. मामी खिडकीशी मोठ्या भोकाची सुई घेऊन बसल्या होत्या. दार लोटलेलं, भिंतीवर गारव्याचं यंत्र, खोली गार. मामा बाहेर उंबऱ्याशी घामाघूम.

"सांगा हो यांना," मामी आतून म्हणाल्या. "मी कधीच माफ केलंय, आता आत तरी या म्हणावं. हे आपले पहारेकऱ्यासारखे बाहेर."

"दार उघडलं की गारवा जातो," मामा म्हणाले, आणि मला हाताने लवकर आत जा अशी खूण केली.

छपराचा पत्रा बदला, असं मेहुण्याने त्यांना सुचवलं होतं. मामांनी फंडाच्या पैशांतून आधी ते भिंतीवरचं गारव्याचं यंत्र आणलं. पत्रा अजून जुनाच आहे.