कोरससाठी सोडलेली जागा

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आणि खरं सांगू? बहुतेक वेळा हसते. पांढरी साडी, घाटातलं वळण, लिफ्ट मागणारी बाई... आमच्या घरात या असल्या गोष्टींना कधी थाराच नव्हता. आम्ही बौद्ध. दाराला लिंबू-मिरची नाही, नजर काढणं नाही, अमावास्या बघून काही अडलं नाही. कुणी भूत पाहिलं म्हणालं की पप्पा विचारायचे, "जेवला होतास का काल?" मी स्वतः बदलापूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. मशीन जे सांगेल ते खरं, बाकी सब झूठ, असा माझा स्वभाव. तेव्हा प्लीज, मला उपाय सुचवू नका, कुणाचा नंबर देऊ नका. लिहितेय एवढ्यासाठीच, की घरात हा विषय निघाला की भांडण होतं.

आधी पप्पांबद्दल सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

पप्पा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत होते, पण उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, आमच्या वस्तीत, त्यांना सगळे ओळखायचे ते गायनामुळे. त्यांची गायन पार्टी होती. जयंती, बुद्ध पौर्णिमा, कुणाचं लग्न, बोलावलं की हार्मोनियम, ढोलकी गाडीत टाकून निघायचे. गाणी स्वतः लिहायचे, चाली स्वतः लावायचे. पार्टीतल्या लोकांना प्रॅक्टिसला यायला वेळ नसायचा, सगळे शिफ्टवाले. म्हणून पप्पा घरी मोबाईलवर गाणं रेकॉर्ड करून पाठवायचे. त्यात ते फक्त आपली ओळ म्हणायचे आणि कोरसची जागा मोकळी सोडायचे. टाळीचा ठेका तेवढा चालू. त्या जागेत ज्याने त्याने आपापल्या घरी बसून कोरस म्हणायचा.

तीच रेकॉर्डिंग्ज आमच्या गाडीत वाजायची. कुठेही फिरायला निघालो की पप्पा गाडीच्या डेकवर लावणार आणि आम्ही मागे बसून मोकळ्या जागा भरणार. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ नितीन. नितीनची एक खोड होती, पप्पांची ओळ संपायच्या आतच तो कोरसला घुसायचा. दर वेळी! पप्पा ओरडायचे, "अरे माझी ओळ तर संपू दे!" आणि आई म्हणायची, "आला घाईकर." त्याचं घरातलं नावच पडलं होतं ते.

पप्पा गेले तीन वर्षांपूर्वी. त्यानंतर काही महिन्यांनी नितीनची नोकरी सुटली. तो बोलेनासा झाला. एक दिवस "कामाचं बघून येतो" म्हणून सकाळी शहाड स्टेशनकडे गेला, तो आलाच नाही. फोन बंद. पोलिसात मिसिंगची तक्रार दिली, मित्रांना विचारलं, हॉस्पिटलं पालथी घातली. काही नाही. तेव्हापासून आईने कॅम्प चारचं घर सोडलं नाही. माझ्याकडे राहायला ये म्हटलं की एकच उत्तर. "तो आला आन् दाराला कुलूप दिसलं तर?"

या मे महिन्यात मुलीला सुट्टी होती. जुन्नरची लेणी बघायची असं माझ्या नवऱ्याचं, संदेशचं, कधीपासून चाललं होतं. आई येणार नाही हे मी धरूनच चालले होते. पण पप्पांच्या पार्टीतल्या ढोलकीवाल्या काकांचा फोन आला. ओतूरजवळ, म्हणजे आमच्याच वाटेवर, एका ढाब्यावर त्यांनी एक माणूस बघितला, भट्टीजवळ रोट्या लावणारा. सेम नितीन, फक्त दाढी वाढलेली. काकांनी हाक मारेपर्यंत आत गेला म्हणे. हे कळल्यावर आई स्वतःहून म्हणाली, "मी पण येते सहलीला." पिशवीत नितीनचा निळा शर्ट इस्त्री करून ठेवला होता तिने. मी बघितला.

पप्पांचीच जुनी गाडी काढली. बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाड आणि तिथून माळशेज, असा बेत. कुळगाव सोडलं तसं मी डेकला पेन ड्राइव्ह जोडून पप्पांचं गाणं लावलं. सगळ्यात लाडकं, त्यांनी शेवटचं रेकॉर्ड केलेलं. त्यातली त्यांची ओळ, "हाती दिवा तुझ्या रे, वाट तुझीच आहे..." आणि कोरस, "चल गड्या, पुढे चल." हे गाणं आमच्याकडे अर्धवटच आहे. तीन कडवी होतात, मग मागून आमच्या कुकरची शिट्टी ऐकू येते आणि रेकॉर्डिंग बंद. शेवटचं कडवं पप्पा नंतर करणार होते. ते राहिलंच. आम्हाला त्या शिट्टीची इतकी सवय, की माझी मुलगी सई तीसुद्धा गाण्यासारखी वाजवते तोंडाने.

आम्ही तिघांनी मोकळ्या जागा भरत गाणं म्हटलं. आई खिडकीबाहेर बघत होती. पण चेहरा खुलला होता तिचा, खोटं कशाला बोलू.

धरण मागे पडलं, जंगलाचा चढ लागला आणि गाडीने दोन-तीन गचके दिले. बंद. संदेशने सेल्फ मारला, टिकटिकसुद्धा नाही. हॉर्न नाही, इंडिकेटर नाही, डेकचा निळा लाइटही गेलेला. भर दुपार होती. दोन्ही बाजूंना साग उघडाबोडका उभा, सावली औषधालासुद्धा नाही.

"बॅटरी झोपली वाटतं," म्हणत संदेशने बॉनेट उघडलं. टर्मिनलवर पांढरा बुरा साचला होता. त्याने दोन्ही वायरी सोडवल्या, घासल्या, तरी मनासारखं होईना. मग वायरी तशाच बाजूला टाकल्या आणि मला म्हणाला, "वर जाऊन नेटवर्क बघतो, मेकॅनिकला लावतो फोन. तुम्ही कुठे उतरू नका." मी स्वतः बघितल्या त्या वायरी, बॅटरीपासून सुटलेल्या, बाजूला लोंबत होत्या. हे मुद्दाम लिहितेय, कारण सगळं इथेच अडतं.

तो वळणापलीकडे गेला. आम्ही दारं उघडी ठेवून बसलो. आईने सईला पाणी दिलं. आणि डेकमधून टाळीचा ठेका सुरू झाला.

मला पहिल्यांदा काही वाटलंच नाही, इतका ओळखीचा तो आवाज. वाटलं, झाली गाडी चालू. पप्पा म्हणाले, "हाती दिवा तुझ्या रे, वाट तुझीच..." आणि ओळ संपायच्या आत कोरस आला.

"चल गड्या, पुढे चल."

मी सवयीने मागे वळले, की कोण गायलं. सईच्या तोंडाला बाटली होती. आईचे ओठ मिटलेले. तिचे डोळे डेकवर होते.

डेकचा लाइट बंद होता. मी बटण दाबलं, परत दाबलं. गाणं चालू. दुसरं कडवं आलं, पुन्हा तेच. पप्पांची ओळ अर्धी झाली नाही तोच तो आवाज घुसला. थोडा बसका, नाकातला, वरच्या सुराला चिरकणारा. लहानपणापासून ज्याच्याशी भांडले त्याचा आवाज मला कळणार नाही?

मी वाट बघत होते की आता पप्पा ओरडतील. ओरडले नाहीत. तिसऱ्या कडव्याला त्यांनी आपली ओळ आखूड केली. शेवटचा शब्द गाळून टाकला आणि नितीनला जागा करून दिली. पप्पांनी जन्मात कधी कुणासाठी ओळ तोडली नव्हती हो... तालाच्या बाबतीत फार कडक माणूस.

मग कुकरची शिट्टी झाली. गाणं थांबलं नाही.

पप्पांनी चौथं कडवं म्हटलं. सगळं मला आठवत नाही, शेवटची ओळ आठवते. "दमला असशील गड्या, बस आता शेजारी." त्यानंतर ठेका चालू राहिला, कोरसची जागा आली. त्या जागेत कुणी काही म्हटलं नाही. फक्त कुणीतरी हुश्श करून बसल्यासारखा श्वास ऐकू आला. आणि सगळं बंद.

सई म्हणाली, "मम्मी, पुढचं पण होतं गाणं? मला माहीतच नव्हतं."

आई रडली नाही. पिशवीतला निळा शर्ट काढून तिने मांडीवर ठेवला, त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "गाडी मागं फिरवायला सांग संदेशला."

"आई, अजून ढाबा यायचाय. आपण बघू तरी."

"कुणाला बघू? तिकडं नाही तो. त्याच्या बापाजवळ जाऊन बसला."

"असं नको बोलूस ना!" मी किंचाळलेच.

"ऐकलं ना तू पण? मग?"

संदेश परत आला तेव्हा आम्ही दोघी एकमेकींवर ओरडत होतो. त्याला गाणं ऐकू आलं नव्हतं. मागोमाग मुरबाडकडून एक मेकॅनिक बाईकवर आला. मी त्याला आधी डेकचंच विचारलं. तो वायरी हातात धरून बघत राहिला. "ताई, बॅटरी सोडवून ठेवलीय, मंग डेक वाजल कसा? मोबाईल वाजला असल कुनाचा." आमचे मोबाईल पर्समध्ये होते. माझ्या फोनमध्ये ते गाणं आहे, पण शिट्टीपर्यंतच.

त्याने जुगाड करून गाडी चालू करून दिली. आईपुढे कुणाचं चाललं नाही, आम्ही मागे फिरलो.

पुढच्या रविवारी मी आणि संदेश बाईकवर ओतूरला गेलो. भट्टीजवळचा तो माणूस भेटला. भला माणूस, बिहारचा. लांबून खरंच नितीनसारखा दिसतो. मी त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिले की तो ओशाळला.

उल्हासनगरला ज्याच्याकडून डेक बसवला होता त्या सिंधी दुकानदाराकडेही जाऊन आले. त्याने डेक उघडून दाखवला. "दीदी, इसमें अपनी बैटरी होती ही नहीं. करंट नहीं तो आवाज नहीं." पेन ड्राइव्ह तिथेच लावून ऐकला. तीन कडवी, शिट्टी, बंद. कोरसच्या जागा मोकळ्या. संदेश म्हणतो, उन्हाने डोकं फिरलं, तिघींना एकदम भास झाला. ठीक आहे. मग सई चौथ्या कडव्याची ओळ कुठून गुणगुणते? ती चाल पप्पांनी आईलाही कधी ऐकवली नव्हती.

लॅबमध्ये असा रिपोर्ट आला असता तर मी सॅम्पल परत मागवलं असतं.

आईने मात्र निकाल लावून टाकला. आता दाराला आतून कडी घालते, इतके दिवस नितीनसाठी ती उघडीच ठेवायची. नितीनचा फोटो तिने पप्पांच्या फोटोशेजारी लावलाय आणि आमच्यात गेलेल्या माणसासाठी करतात तो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवू म्हणून माझ्या मागे लागलीय. म्हणते, जेवण घालू, वंदना घेऊ, पोराला मोकळं करू. मी म्हणते, बॉडी नाही, कागद नाही, कशावरून? तो फोटो मी दोनदा उतरवला. तिने परत लावला. तिला शांत बसायचंय, मला ते बघवत नाही. वाट बघायचं काम तिच्याकडून आता माझ्याकडे आलंय.

गाडीतला डेक मी काढू दिला नाही. रोज सकाळी कामावर निघताना गाडीत बसून पप्पांचं गाणं लावते. मी कोरस म्हणत नाही, सईलाही म्हणू देत नाही. पप्पांची ओळ संपते, मोकळी जागा येते, आणि मी श्वास धरून ऐकते. कुणी घुसलं नाही की जिवात जीव येतो, मग गाडी चालू करते.

आज सकाळीही जागा मोकळीच होती.